कंबरभर पाणी

“आधी खालचा धबधबा, मग मधला. वरचा नाही. वरच्याला चढ आहे आणि तुमचे गुडघे कुरकुरतात,” सुई फोनवर सांगत होती. “बस जेवणाच्या आधी पोचते. मी फाटकाशीच उभी असेन. पोहायचं मधल्या धबधब्याच्या डोहात. तिथं पाणी कंबरभर आहे. माझ्या नाही, तुमच्या.”

“आणि डबा?” बाबांनी विचारलं.

“डबा नंतर. भरल्या पोटी पोहायचं नसतं.”

“बरं बाई, तुमचा हुकूम.”

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी बाबांना हाक मारली. कुठल्याशा इमारतीत कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि शहरात लिफ्ट अडकायला मुहूर्त लागत नाही. “रविवारी नक्की,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. याआधीही दोनदा नक्की ठरलं होतं. त्या नक्कीचं काय झालं ते सुईला चांगलं आठवत होतं.

तिचं खरं नाव वेगळं होतं. सुई हे बाबांनी ठेवलेलं नाव. अंगानं बारीक, आणि बोलणं टोचणारं. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाजवळचं विश्रामगृह सांभाळायची नोकरी आईला लागली, तेव्हा दोघी इथं आल्या आणि बाबा शहरात राहिले. सुट्टी लागली तशी शाळाही सुटली. मग सुईला बोलायला उरली फक्त टॉवेलची खोली.

आईनं टॉवेलांचं काम तिच्यावर सोपवलं होतं. पाहुणे डोहावरून आले की ओले टॉवेल गोळा करायचे, मागच्या दोरीवर वाळत घालायचे, वाळले की घड्या करायच्या. खोलीची भिंत पातळ होती. पलीकडे पाहुण्यांची पोरं उशांनी मारामारी करायची, त्यांचे वडील ओरडायचे आणि मग स्वतःच हसायचे. सुई घड्या घालता घालता सगळं ऐकायची. कधीकधी एकच टॉवेल ती दोनदा घडी करायची, म्हणजे तेवढा वेळ आणखी तिथं बसता यायचं.

स्वतः मात्र तिनं अजून एकाही धबधब्यात पाय बुडवला नव्हता. उद्यान या हंगामासाठी नुकतंच उघडलं होतं. आई म्हणायची, “अगं, खालच्या धबधब्यात तरी जाऊन ये. घोट्याइतकंच पाणी आहे.” पण सुईनं ठरवलं होतं, पहिल्यांदा जायचं ते बाबांबरोबर. उगाच आधी जाऊन गंमत उष्टी कशाला करायची?

त्याच आठवड्यात विश्रामगृहातून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या.

आधी गेला एका आजोबांचा चष्मा. “कुठंतरी ठेवला असेन,” म्हणत ते दिवसभर भिंतीला हात लावत चालले. मग एका बाईंचं कानातलं हरवलं. त्या मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. “माझ्या खोलीतून गेलंय. इथं लोकांच्या वस्तूंची काळजी घेतात की नाही?” असं त्यांनी आईला चार माणसांत ऐकवलं. आईनं खोलीतल्या चादरी झटकल्या, पलंग सरकवले, मोरीची जाळी उघडून पाहिली. काही सापडलं नाही. त्या रात्री आईनं तीच खोली पुन्हा एकदा झाडून काढली. नवी नोकरी, आणि लगेच चोरीचा बोभाटा.

तिसरे होते टॉवेलवाले काका. त्यांचं काय हरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं. पण डोहावरून आल्यापासून ते डोक्याला टॉवेल गुंडाळूनच फिरत होते. जेवायला टॉवेल, फिरायला टॉवेल. सुई टॉवेल गोळा करायला गेली तर म्हणाले, “हा राहू दे. मला सर्दी आहे.” पण त्यांना शिंकताना कुणी ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सुई दोरीवर टॉवेल घालत असताना मागून आवाज आला.

“ते काका टकले आहेत. मी खिडकीतून पाहिलं. आधी केस होते, आता नाहीत.”

बोलणारी मुलगी सुईच्या खांद्याइतकीसुद्धा नव्हती. तिच्यामागं एक उंच मुलगा हाताची घडी घालून उभा होता. ही दोघं झेंडेवाल्या काकांची मुलं. त्यांचे वडील रोज सकाळी डोहावर जाऊन तिथल्या मोजणीच्या खांबावर पाणी बघायचे आणि फाटकावर झेंडा चढवायचे. हिरवा म्हणजे खुशाल पोहा, लाल म्हणजे काठावर बसा. मुलगा दीडशहाणा म्हणून त्याला सगळे दीड म्हणत. बहीण सतत त्याच्या मागे, म्हणून ती शेपूट.

“खिडकीतून बघतात का कुणाच्या?” सुई म्हणाली.

“दिसलं तर काय डोळे मिटू?” शेपूट म्हणाली.

“केसांचा टोप होता त्यांचा,” दीडनं शास्त्र सांगितलं. “चष्मा, कानातलं आणि टोप. चोर मोठा हुशार आहे. फक्त डोक्यावरच्या वस्तू नेतो.”

सुईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

“काय? चोर हुशार आहे?”

“ते नाही. डोक्यावरच्या.” सुईनं दोरीवरच्या ओळीकडे पाहिलं. काल एका काकूंनी ब्लाउजसुद्धा वाळत टाकला होता, खांद्यापर्यंत ओलाचिंब. टॉवेल तर सगळे केस पुसल्यासारखे ओले येत होते. “चोर नाहीच. हे तिघंही पाण्यात बुडाले होते. पार डोक्यावरून पाणी गेलं होतं.”

“कंबरभर पाण्यात?” दीड हसला. “माझे बाबा रोज खांब बघतात. आजही हिरवा झेंडा आहे.”

“मग कंबरभर पाण्यात कानातलं कसं वाहून जातं? त्या बाई काय डोक्यावर उभ्या राहून पोहतात?”

दीडनं हाताची घडी सोडली.

“पण बुडाले तर सांगितलं का नाही कुणी?” शेपटानं विचारलं.

सुईला ते लगेच कळलं. डोहाकडे जाताना ही मोठी माणसं केवढी ऐट मारायची, ते तिनं रोज ऐकलं होतं. एकजण लहानपणी नदी पार करायचा, दुसऱ्याला म्हणे मासाच म्हणायचे. मग कंबरभर पाण्यात गटांगळ्या खाल्ल्या हे कोणत्या तोंडानं सांगणार? प्रत्येकाला वाटलं, आपलाच पाय घसरला. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी, आणि बोलणी बसली आईला.

“खांब बघायला जाऊ या,” सुई म्हणाली.

निघताना तिनं अडगळीतून कपडे वाळत घालायची जुनी दोरी घेतली, एक मोडकी इस्त्री घेतली आणि एक चिमटा फ्रॉकला लावला. दीडनं कशाला म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला कळलं नाही असं दिसलं असतं.

मधला धबधबा झाडांआडून आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. दिसला तेव्हा सुई वाटेतच थांबली. इतके दिवस मनात ज्याचा बेत केला तो हा डोह, आणि ती तिथं बाबांशिवाय आली होती. पाणी हिरवट, शांत. बाजूनं एक लाकडी पूल गेला होता आणि पुलालगत पाण्यात तो खांब उभा होता. कोरा करकरीत रंग. खाली हिरवा पट्टा, त्यावर पिवळा, त्यावर लाल. पाणी हिरव्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी टेकलं होतं. तिथं ‘कंबर’ असं सुबक अक्षरात लिहिलं होतं.

“बघ,” दीड म्हणाला. “कंबर.”

सुईनं दोरीच्या टोकाला इस्त्री बांधली आणि पुलावरून खांबाजवळ सोडली. दोरी गेली, गेली, आणखी गेली. शेवटी तळाला इस्त्री टेकल्याचं हाताला जाणवलं. दोरी ताणून तिनं पाण्याच्या रेषेवर चिमटा लावला आणि सगळं वर ओढलं.

“आता नीट उभा राहा.”

तिनं इस्त्री दीडच्या पायाशी ठेवली आणि दोरी सरळ वर धरली. दोरी त्याच्या कंबरेवरून गेली, हनुवटीवरून गेली. चिमटा त्याच्या डोक्याच्याही वर राहिला.

दीडनं मान वर करून चिमट्याकडे पाहिलं.

“खांब खोटं कसं बोलेल?” दीड पुटपुटला.

“तो बसलाय ना,” शेपूट म्हणाली.

“कुठं बसलाय?”

“ओट्यावर. उन्हाळ्यात पाणी आटलं होतं तेव्हा उद्यानाच्या साहेबांनी सिमेंटचा ओटा बांधून घेतला नाही का? जुन्या खांबाचं बूड कुजलं म्हणून. त्यावर नवा खांब उभा केला. मी त्या ओट्यावर चढायला गेले होते तर मला चढताच येईना, एवढा उंच. दादानंच मला उचलून बसवलं.”

आता सगळा उलगडा झाला. ओटा पाण्याखाली गेला होता आणि कुणाला दिसत नव्हता. खांब पाणी मोजत होता ते ओट्याच्या वरून. माणसं मात्र उतरत होती तळावर. रंग नवा, अक्षरं सुबक, आणि मोजायची सुरुवातच चुकलेली. उंटावरच्या शहाण्यांनी केलेलं काम.

दीडचे बाबा फाटकावर पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “खांबावर हिरवं दिसलं की मी हिरवा चढवणार. मला तसाच हुकूम आहे. खांबाचं काय ते साहेबांना सांगा. साहेब शहरात गेलेत, उद्या सकाळी येतील.”

परतताना दीड एक दगड लाथाडत चालला. मग म्हणाला, “उद्या तुझे बाबा यायचे आहेत ना?”

“हो.”

“साहेबांना सांगितलं तर उद्या झेंडा लाल.”

“माहीत आहे मला.”

“मग सोमवारी सांगू. इतके दिवस कुणाला काही झालं नाही, एका दिवसानं काय होतंय? तुझ्या बाबांना काठाकाठानं पोहायला सांग.”

सुईला त्याचा राग आला नाही. तो तिच्या बाजूनं बोलत होता, आणि इथं आल्यापासून तिच्या बाजूनं बोलणारा तो पहिलाच. तिला ते इतकं बरं वाटलं की ‘चालेल’ हा शब्द अगदी ओठांवर आला. महिनोन्‌महिने ज्याची वाट पाहिली असा तो एकच दिवस. दोरीचं वेटोळं घेऊन ती टॉवेलच्या खोलीत गेली आणि दिवा न लावता बसली.

दिवेलागणीला फोन आला.

“पिशवी भरून ठेवलीय,” बाबा म्हणाले. आवाज दमलेला होता. “उशीर झाला फोनला. एका इमारतीत वरच्या मजल्याचं दार उघडत होतं आणि आत लिफ्टच नव्हती. एक आजी पाऊल टाकणार होत्या. कुणीतरी मागं ओढलं म्हणून वाचल्या.”

“लिफ्ट बंद पडली होती?”

“बंद पडली तर काय, माणूस फार तर वैतागतो. वाईट काय माहीत आहे? आत काही नसताना उघडणारं दार. माणूस त्या दारावर विश्वास ठेवतो ना.”

सुईनं काही तरी हूं हूं केलं. फोन ठेवल्यावर ती सरळ आईकडे गेली. आई उद्याच्या खोल्यांच्या किल्ल्या लावत होती. सुईनं सगळं सांगितलं, मोडक्या इस्त्रीपासून टोपापर्यंत. आईनं किल्ल्या बाजूला ठेवल्या.

“उद्या झेंडा लाल झाला तर तुमचं पोहणं…” आई म्हणाली.

“कळतंय मला,” सुई म्हणाली, आणि तिला एकदम रडू आलं. आईनं तिला जवळ घेतलं. रडणं आवरेपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या.

रविवारी सकाळी साहेब आले ते घाईतच. गाड्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती. विश्रामगृहाच्या ओसरीत पाहुणे चहा घेत बसले होते. साहेब उंचापुरे, मिशीला पीळ. आई त्यांना खांबाबद्दल सांगायला लागली तर ते मध्येच म्हणाले, “अहो बाई, खांब मी स्वतः बसवून घेतलाय. नवा आहे. आजवर एका पाहुण्याची तक्रार नाही. पोरांच्या खेळावर मी उद्यान बंद करू?”

झेंडेवाले काका हिरवा झेंडा दोरीला बांधत होते. सुईनं शेपटाकडे पाहिलं. आधीच ठरल्याप्रमाणे शेपूट पुढं झाली.

“साहेब, अख्ख्या उद्यानात तुम्हीच सगळ्यात उंच ना?”

“असेन बहुतेक,” साहेब म्हणाले, आणि आपोआप ताठ झाले.

“दादा म्हणतो आमचे बाबा जास्त उंच आहेत. मोजू?”

“मोज की.” साहेब हसून पाय जुळवून उभे राहिले. सुईनं इस्त्री त्यांच्या बुटाशी ठेवली, दीडनं खुर्चीवर चढून दोरी सरळ वर धरली. ओसरीतले लोक कौतुकानं बघायला लागले. चिमटा बरोबर साहेबांच्या मिशीशी आला.

“मिशीपर्यंत,” शेपूट म्हणाली.

“काय मिशीपर्यंत?”

“कालचं पाणी, साहेब,” सुई म्हणाली. “डोहातलं. खांबाजवळ आम्ही ही दोरी सोडली. चिमट्यापर्यंत पाणी होतं. खांबावर ‘कंबर’ लिहिलंय, कारण खांब ओट्यावर उभा आहे. तुमच्या मिशीला लागतं, म्हणजे बाकीच्यांच्या डोक्यावरून जाणार.”

साहेबांचं हसू गेलं. पण मोठ्या माणसाला चार लोकांत लगेच माघार घेता येत नाही. “तसं असतं तर कुणीतरी बोललं असतं,” ते ओसरीकडे वळून म्हणाले. “काय हो, कुणी बुडालं का तुमच्यातलं?”

आजोबा कपात बघायला लागले. बाईंनी कानाच्या मोकळ्या पाळीला हात लावला आणि काढला. झेंडा अर्ध्यावर चढला होता.

मग कोपऱ्यातले टॉवेलवाले काका उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी हळूहळू डोक्याचा टॉवेल सोडला. खाली टक्कल चकाकत होतं.

“मी बुडालो,” ते म्हणाले. “पाय टेकला नाही. नाकातोंडात पाणी गेलं. टोप वाहून गेला. कुणीतरी हात दिला म्हणून बाहेर आलो. मला वाटलं, मीच एकटा बावळट.”

“मी पण,” आजोबा म्हणाले. “माझा चष्मा.”

बाईंनी आईकडे पाहिलं. “माझं कानातलं तिथंच गेलं असणार. मला तेव्हाच शंका होती. तुम्हाला उगाच बोलले मी.”

साहेब चालत फाटकाशी गेले, काकांच्या हातून दोरी घेतली, हिरवा झेंडा उतरवला आणि स्वतः लाल चढवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुईनं नाही वाजवल्या. ती त्या लाल झेंड्याकडे बघत राहिली.

बाबा खरंच आले. हातात फुगलेली पिशवी, कपाळावर घाम. फाटकातून आत येतानाच त्यांना झेंडा दिसला. सुईनं सांगितलं तेव्हा ते पिशवी छातीशी धरून ऐकत राहिले. तेवढ्यात साहेब येऊन उभे राहिले.

“तुमच्या मुलीनं आज माझी अब्रू वाचवली,” ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, “अब्रूचं सोडा. माणसं वाचवली. चूक माझी होती. उद्या ओट्यापासूनची सगळी मोजणी बदलून घेतो, तीही या तिघांना समोर उभं करून.” दीडची छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण तुटायची वेळ आली.

खालच्या धबधब्यात घोट्याइतक्या पाण्यात पाय सोडून सुई आणि बाबा बसले. डबा आधीच खाऊन झाला होता. पोहायचंच नव्हतं तर नियम कशाला पाळायचे? बाबांनी पिशवी उघडली. आत नवी कोरी चड्डी होती आणि घडी केलेली रबरी ट्यूब होती. चांगली मोठी, मोठ्या माणसाची.

“हे कुणाला?” सुईनं विचारलं.

“मला. मला पोहता कुठं येतं?”

सुई एकदम त्यांच्याकडे वळली. “मग डोहात कसे उतरणार होतात?”

“तू कंबरभर म्हणालीस ना. तेवढ्यात उतरलो असतो. तुझा एवढा बेत, त्यावर मी काय पाणी ओतू?”

पाण्यात तिनं त्यांच्या पायाला आपला पाय लावून ठेवला. बेतात आता काहीच उरलं नव्हतं. ना डोह, ना पोहणं, आणि बसला अजून अवकाश होता. त्या मोकळ्या वेळात तिच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. रोजच्या फोनमध्ये त्याला कधी जागाच मिळाली नव्हती.

“मला इथं करमत नाही, बाबा.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “मला वाटायचं, तू मजेत आहेस. रोज धबधब्यांच्याच गोष्टी. मी मनाशी म्हणायचो, हिला तरी बरं आहे.”

“तुम्हाला करमतं?”

“कसलं करमतंय. घरी गेलो की आधी रेडिओ लावतो. ऐकत नाही. नुसता लावतो.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू तरी कुठं सांगितलंस?”

सुईला हसू आलं आणि डोळेही भरले. टॉवेलवाले काका काही एकटेच नव्हते तर.

बस आली तेव्हा बाबांनी ट्यूब सुईच्या हातात दिली, पण पुढची तारीख सांगितली नाही. “सांगितली की चुकते,” ते म्हणाले. “लिफ्ट ऐकत नाहीत.” सुईनं हट्ट केला नाही. बस वळणाआड गेली तरी ती रस्त्यावर उभी होती. मग दीड आणि शेपूट येऊन शेजारी उभे राहिले. दीडनं पहिल्यांदाच काही शहाणपण सांगितलं नाही. शेपूट म्हणाली, “ती ट्यूब फुगवायची का?” तिघांनी आळीपाळीनं फुंकून ती फुगवली, आणि खालच्या धबधब्यात शेपूट घोट्याइतक्या पाण्यात तिच्यावर बसून राहिली. दीडनं बुडायचं सोंग इतकं वाईट केलं की सुईला हसावंच लागलं.

दिवेलागणीला टॉवेलच्या खोलीत फोन वाजला.

“पोचलो,” बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, “करमत नाहीये.”

“मलाही नाही,” सुई म्हणाली, आणि खुर्ची ओढून नीट बसली.